खिडकीतली बाई

रंगाच्या दुकानात त्यांना सगळे शेडकाका म्हणत. गिऱ्हाईकाने पडद्याची चिंधी आणो, फरशीचा तुकडा आणो की जुन्या दाराची कपची, काका तो जिन्नस उजेडात धरून दोनदा उलटा-सुलटा करत, डबे उघडत, थेंब थेंब घालत, आणि तीच छटा पुढ्यात ठेवत. घरी मात्र ते बायकोसाठी ‘हे’ होते, मुलासाठी बाबा, आणि रविवारी दुपारी येणाऱ्या दोन मित्रांसाठी नुसतेच शेड. बायकोला ते दोघे मित्र वहिनी म्हणत, आणि इतकी वर्षं म्हणत आले की जिन्यातले शेजारीही तिला वहिनीच म्हणू लागले. गोष्ट तशी शेडकाकांचीच. पण पुढे पुढे त्यांना स्वतःलाच ती धड सांगता येईना, तेव्हा ती वहिनींच्या वाट्याला आली.

मित्रांतले एक घड्याळजी. भिंग लावून लावून त्यांचा एक डोळा कायमचा बारीक झाला होता, त्यामुळे ते समोरच्याची थट्टा करतायत असं नवख्याला उगाच वाटायचं. दुसरे मास्तर, भूगोलाचे. निवृत्त होऊनही आवाज वर्गातलाच राहिला होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. तिघं एकत्र आले ते एका पडीक थिएटरात, तरुणपणी, रिकाम्या खुर्च्यांमध्ये. तिकीट फाडणाराही ज्याच्याकडे बघत नव्हता असा एक इटालियन खुनाचा सिनेमा लागला होता. तो बघून तिघं बाहेर आले ते भांडतच, आणि ते भांडण पुढे आयुष्यभर पुरलं.

त्या दिग्दर्शकाचं नाव घेताना तिघांच्या जिभा तीन वाटांनी जायच्या, म्हणून ते त्याला नुसतं ‘इटलीवाला’ म्हणत. सिनेमांची नावंही लांबलचक; मग त्यांनी आपली नावं पाडली. एक ‘जिना’, एक ‘बाहुली’, एक ‘पडदा’. मास्तरांनी कुठेतरी वाचलं होतं की अशा सिनेमांना तिकडे ‘जाल्लो’ म्हणतात, म्हणजे पिवळा, कारण तिकडच्या खुनाच्या कादंबऱ्यांची वेष्टनं पिवळी असायची. प्रत्येकात चामडी हातमोजे घातलेला कोणीतरी असायचा. त्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसायचा नाही. बायका मरायच्या, आणि फार देखण्या रीतीने मरायच्या. शिवाय एक साधा माणूस असायचा, ज्याने पहिल्याच खुनाच्या वेळी काहीतरी पाहिलेलं असे, पण नेमकं काय पाहिलं ते त्याला आठवत नसे. सिनेमाभर तो आठवत राहायचा.

आधी कॅसेटी होत्या, मग डिस्क आल्या. रविवारी जेवणं उरकली की शेडकाकांच्या बाहेरच्या खोलीतले पडदे ओढले जात, आणि सिनेमा संपला की तुलना सुरू होई.

“जिना तो जिना,” घड्याळजी म्हणायचे. “कॅमेरा त्या वळणावरून खाली येतो ना, केसाएवढी चूक नाही.”

“तू सिनेमा बघतोस की काटे बघतोस? अरे, गोष्ट बघ! ‘बाहुली’त दोन खुनी आहेत आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. आहे असं डोकं कोणाचं?”

“बाहुलीचा शेवट म्हणजे गिऱ्हाईक दारात उभं म्हणून कसंबसं झाकण लावलेलं घड्याळ. आत दोन चाकं उरलीयत आणि ह्यांना पत्ताच नाही.”

मग दोघं शेडकाकांकडे वळत. ते कमी बोलायचे. दर वेळी ‘पडदा’च म्हणायचे. त्यात एक माणूस आपल्या गॅलरीत झाडांना पाणी घालत असतो आणि समोरच्या घरात पिवळ्या पडद्याआड एक बाई मारली जाताना बघतो. “तो पिवळा बघा,” शेडकाका म्हणत. “तसला डब्यात मिळत नाही. त्यात किंचित काळा आहे.” ह्यापलीकडे त्यांनी कधी कारण दिलं नाही. मास्तर वैतागायचे. पिवळा हा काय मुद्दा झाला?

वहिनींनी ह्यातला एकही सिनेमा पाहिला नव्हता. त्या हॉस्पिटलच्या धोबीखान्यात कामाला होत्या. दिवसभर चादरींचे ढीग उपसायच्या. त्यावरचं रक्त लाल नसतंच, धुवायला येईतो ते तपकिरी होऊन कडक झालेलं असतं. आठवडाभर तेच बघून रविवारी पुन्हा घरात कशाला? त्या चहा ठेवायच्या, पडद्याच्या फटीतून ट्रे आत सरकवायच्या आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायच्या. दारामागून किंकाळ्या यायच्या, मध्येच कोणीतरी लहान मूल गुणगुणल्यासारखं संगीत यायचं, आणि मग तिघांचा वाद. वहिनींना त्या किंकाळ्यांपेक्षा वादाचाच आवाज मोठा वाटे. नवरा दारू पीत नाही, बाहेर कुठे जात नाही, रविवारी दोन म्हातारे घेऊन खून बघतो; बघू दे बापडा.

दुकानातलं काम सुटल्यावर दोनेक वर्षांतच शेडकाका चुकायला लागले. आधी किल्ल्या, मग रस्ते. एक दिवस त्यांनी मुलाला आपल्याच मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारली, आणि मुलगा हसला, पण वहिनींनी दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठले. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले आणि आजाराचं नाव सांगितलं. औषधाने वेग थोडा कमी होईल म्हणाले, एवढंच.

विसरणं वहिनींनी पचवलं. आठवणं सुरू झालं तेव्हा त्यांची पाचावर धारण बसली.

एका दुपारी त्या भाजी घेऊन आल्या तर शेडकाका बाहेरच्या खोलीत उभे होते, हातात फडकं, आणि खिडकीची काच पुसत होते. पुसून पुसून फडक्याच्या चिंध्या झाल्या होत्या.

“अहो, काय करताय?”

“रंग लागलाय काचेला. हिरवा. निघत नाहीये.”

काच स्वच्छ होती. वहिनींनी फडकं काढून घेतलं तसे ते त्यांच्या कानाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, “अगं, ती मेली बघ. त्या खिडकीतली बाई. मी पाहिलंय. पोलिसांना सांगायला हवं.”

“कोण बाई?”

“पिवळा पडदा होता. त्याच्या हातात काळे मोजे होते. मी पाहिलंय सगळं, पण एक काहीतरी आठवत नाही. ते आठवलं की झालं.”

त्या दिवसापासून ही बाई घरात राहायलाच आली. दुपार कलली की शेडकाका अस्वस्थ व्हायचे. पायताण घालून दाराशी जायचे, कडी काढायचे, “पोलिसांकडे जातो” म्हणायचे. अडवलं की घाबरायचे. कधी वहिनींच्याच हातांकडे बघायचे, मोजे आहेत का म्हणून. एकदा त्या भांडी घासायचे रबरी मोजे तसेच घालून बाहेर आल्या, तर त्यांनी खुर्ची आडवी धरली आणि असे थरथरले की वहिनींनी तिथेच मोजे ओरबाडून काढले आणि त्यानंतर उघड्या हातानेच भांडी घासली.

मुलगा म्हणाला, “सगळे सिनेमे बाहेर काढ घरातून. मी आधीपासून सांगत होतो, हे डोक्यात बसतं म्हणून.” डॉक्टरही म्हणाले, टीव्ही बंद ठेवा, आणि त्यांनी विषय काढला की शांतपणे सांगा, तो सिनेमा होता, खरं काही नाही. वहिनींनी सांगून पाहिलं. “अहो, सिनेमा तो. इटलीवाल्याचा. तुमचा आवडता.” ते क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही निराशा आली, जशी आपला माणूसही समोरच्या पक्षाला मिळाल्यावर येते. त्या रडल्या नाहीत, पण पुढे बराच वेळ त्यांना नवऱ्याच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

रविवारी दोघे मित्र येतच होते. सिनेमा लागत नसे; नुसते बसत. घड्याळजींनी एकदा स्वतःच उपाय करून पाहिला. शेडकाकांनी बाईचा विषय काढल्याबरोबर ते मांडीवर थाप मारून म्हणाले, “अरे, पकडला की त्याला! कालच पकडला. आत टाकलाय.”

शेडकाका थबकले. वहिनी दारातून बघत होत्या; त्यांना वाटलं, सुटलो.

“एकाला पकडलं असेल,” शेडकाका हळूच म्हणाले. “दुसरा असतो. नेहमीच दुसरा असतो.”

मास्तरांची मान खाली गेली. ‘बाहुली’वरून आयुष्यभर त्यांनीच शेडला हे पटवून दिलं होतं.

दोघं निघाले तेव्हा वहिनी त्यांच्या मागोमाग जिन्यात गेल्या. “मला ते सिनेमे दाखवा,” त्या म्हणाल्या. “ह्यांना काय दिसतंय ते मला कळायला हवं. मी आंधळ्यासारखी बरोबर चालतेय.”

मुलगा सुट्टीच्या दिवशी बापाला फिरायला नेई, तेवढ्या वेळात वहिनी घड्याळजींच्या दुकानामागच्या खोलीत जाऊ लागल्या. भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं, प्रत्येक आपापली वेळ दाखवणारं, आणि कोपऱ्यात छोटा टीव्ही. पहिला सिनेमा त्यांनी पदर तोंडाशी धरून पाहिला. दुसऱ्याला पदर खाली आला. रक्त पाहून तर त्यांना हसूच आलं; हे रक्त कुठलं, हा तर ऑइलपेंट. नटांचे ओठ एक बोलत होते आणि आवाज दुसरंच. पण त्या बायकांच्या डोळ्यांकडे बघताना त्यांना हसू येत नव्हतं.

तीनही सिनेमे संपल्यावर त्या दोघांसमोर बसल्या आणि नवरा जे जे बोलतो ते ते सांगू लागल्या. दोघं म्हातारे एकदम जागे झाले. कित्येक महिन्यांनी पुन्हा तुलना करायला मिळत होती.

“पिवळा पडदा, तो सरळ ‘पडदा’तला,” मास्तर म्हणाले.

“पण त्यात खुन्याचे हातमोजे तपकिरी आहेत. काळे ‘जिना’तले.”

“आणि ते म्हणतात, बाईचे केस ओले होते, टॉवेल गुंडाळलेला,” वहिनी म्हणाल्या.

“केस ओले बाहुलीत. तळ्यातून काढतात तेव्हा.”

“टॉवेल नाही पण त्यात.”

“नाही. टॉवेल नाही,” घड्याळजी म्हणाले. त्यांचा बारीक डोळा आणखी बारीक झाला. “टॉवेल कशातच नाही.”

“आणि काचेला हिरवा रंग लागलाय म्हणतात. फडक्याने पुसत बसतात.”

“एक चित्रकार आहे ‘जिना’त.”

“तो कॅनव्हासवर काढतो, मास्तर. खिडक्या नाही रंगवत.”

“मग हिरवा कुठला?”

एकमेकांची चूक काढायची सवय इतकी मुरलेली होती, पण इथे चूक काढायला कोणाचीच बाजू नव्हती. शेवटी वहिनीच म्हणाल्या, “बाई खिडकीतून त्यांच्याकडे बघते म्हणतात. काहीतरी बोलते, पण काच बंद असल्यामुळे ऐकू येत नाही. तुमच्या सिनेमात बायका खुन्याकडे बघतात. बघणाऱ्याकडे एकही बघत नाही.”

घरी येताना त्यांना नवऱ्याचं जुनं काम आठवलं. दुकानात लागण्याआधी शेडकाका इमारतींना बाहेरून रंग द्यायचे. दोरांना बांधलेल्या फळीवर उभं राहायचं, झुला म्हणतात त्याला, आणि मजल्यामागून मजला खाली उतरायचं. लग्न ठरलं तेव्हा ते झुल्यावरच होते. मग अचानक ते काम सोडून रंगाच्या दुकानात उभे राहिले. उंचीची भीती बसली, एवढंच वहिनींना सांगण्यात आलं होतं, आणि आतापर्यंत त्यांना त्यात काही खटकलंही नव्हतं.

झुल्यावर त्यांचा एक जोडीदार होता. लग्नात तो पंगतीला शेजारी बसला होता. पुढे येणंजाणं तुटलं. वहिनींनी त्याचा पत्ता काढला. मुलीकडे राहत होता, गुडघे गेलेले, खिडकीशी खुर्ची टाकून बसलेला. त्याने वहिनींना ओळखलं, मुलीला चहा ठेवायला सांगितला, जुन्या कामांच्या चार गोष्टी काढल्या. वहिनींनी खिडकीतल्या बाईचं नाव काढल्याबरोबर मात्र त्याने मुलीला हाक मारून सांगितलं, चहा राहू दे, तू जरा दुकानात जाऊन ये.

ती गेल्यावर तो म्हणाला, “सांगितलं का त्याने तुम्हाला?”

“त्यांना आता सांगता येत नाही. तुम्ही सांगा.”

“काय सांगू, वहिनी. सकाळची वेळ होती. आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो, खिडक्यांच्या चौकटी हिरव्या करायचं काम. तो खिडकीसमोर होता, मी दोराकडे. आत एक माणूस बायकोला मारत होता. मारत म्हणजे, गळा धरला होता. ती नुकती न्हाऊन आली असावी, डोक्याला टॉवेल होता. तिने ह्याला पाहिलं. तोंडाने काहीतरी म्हणाली. ह्याचा ब्रश काचेवर ओढला गेला, एवढा मोठा फटकारा. त्या माणसानेही मग ह्याला पाहिलं आणि येऊन पडदा ओढून घेतला.”

“मग?”

“मग काय. हा ओरडला, खाली घे म्हणून. मी दोर सोडले. खाली मुकादम होता. त्याने आम्हाला झापलं. नवरा-बायकोचं भांडण, म्हणाला, तुम्हाला काय पडलंय? पोलिसांत गेलात तर ह्या घरमालकाची सगळी कामं गेली, आणि तुम्ही दोघं आधी गेलात. मी गप्प बसलो. त्याला म्हटलं, तूही गप्प बस.” जोडीदाराने गुडघ्यावरून हात फिरवला. “दुसऱ्या दिवशी आम्ही परत त्याच खिडकीवर. चौकट अर्धी राहिली होती ना. मुकादम म्हणाला, काचेवरचा डागही पुसा. ह्याने थिनरने पुसला. आत कोणी नव्हतं. खाली विचारलं तर म्हणाले, बाई माहेरी गेली.”

“आली का परत?”

“आमचं काम तिथे बरेच दिवस चाललं. आम्हाला तरी दिसली नाही.”

वहिनी उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, “पडदा कुठल्या रंगाचा होता?”

जोडीदार त्यांच्याकडे बघत राहिला. “पडद्याचा रंग कोणाच्या लक्षात राहतो, वहिनी? साधा काहीतरी. मळका.”

बसमध्ये वहिनींना हुंदका आला, पण तो कोणासाठी ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. त्या बाईसाठी होताच. पण इतकी वर्षं रविवारी दाराच्या पलीकडे बसून एक माणूस तीच खिडकी पुन्हा पुन्हा बघत होता आणि अलीकडे आपण बशा विसळत होतो, ह्याचंही होतं. ते सिनेमे त्यांना आवडायचे की ते त्यांना सोडत नव्हते, हे विचारायला आता उशीर झाला होता.

त्या घरी पोचल्या तेव्हा शेडकाका दाराशी पायताण शोधत होते. मुलगा कंटाळून म्हणत होता, “बाबा, सिनेमा होता तो, सिनेमा!”

“नव्हता,” वहिनी म्हणाल्या.

मुलाने वळून पाहिलं. शेडकाकांनीही.

“खरंच होतं ते,” वहिनी नवऱ्याला म्हणाल्या. “तुम्ही पाहिलंत. तिच्या डोक्याला टॉवेल होता. तुमचा ब्रश काचेवर ओढला गेला. मला माहीत आहे.”

शेडकाका खाली बसले ते दारातच, चपलांच्या ढिगाशेजारी. त्यांनी वहिनींचा हात दोन्ही हातांत धरला आणि तो आपल्या कपाळाला लावून धरला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्या संध्याकाळी त्यांनी कडीला हात लावला नाही.

पण एवढ्याने भागण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा “पोलिसांकडे जायचंय” सुरू झालं, आणि ह्या वेळी वहिनींनी स्वतःच त्यांचा शर्ट बदलला. मुलगा संतापला. “तूही त्यांच्याबरोबर वेडी होणार आहेस का? लोक काय म्हणतील? चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं कोण ऐकणार आहे?”

“ऐकू नये कोणी. ह्यांना सांगू तर दे.”

पोलीस ठाण्यात टेबलामागे एक तरुण अधिकारी बाई होती. तिने दोघांना खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. शेडकाका ताठ बसले होते, दुकानात गिऱ्हाईकापुढे बसत तसे. सुरुवात त्यांनी चांगली केली. झुला सांगितला, तिसरा मजला सांगितला, टॉवेल सांगितला. अधिकारी बाईचं पेन चालत होतं. वहिनी मनात म्हणत होत्या, आणखी थोडं, आणखी थोडं टिकू दे.

“आणि मग त्याने काळे हातमोजे घातले,” शेडकाका म्हणाले. “चामड्याचे. वस्तरा काढला. मागे कुठेतरी लहान मूल गात होतं. पडदा पिवळा होता, त्यात किंचित काळा.”

पेन थांबलं. अधिकारी बाईने वहिनींकडे पाहिलं. त्या नजरेत थट्टा नव्हती, दया होती, आणि ती जास्त लागली.

“हातमोजे सोडून द्या,” वहिनी म्हणाल्या. “वस्तरा आणि गाणंही सोडा. बाकीचं सगळं खरं आहे. त्यांच्याबरोबरचा माणूस अजून जिवंत आहे, त्याला विचारा.”

“कुठली इमारत, आजी?”

वहिनींनी जोडीदाराकडून कळलेलं ठिकाण सांगितलं. अधिकारी बाईने मागच्या शिपायाला विचारलं. ती पाडली, तो म्हणाला, केव्हाच. आता तिथे गाड्या लावतात.

“बाईंचं नाव?”

कोणालाच माहीत नव्हतं.

अधिकारी बाईने पेन बाजूला ठेवलं. मग तिने पुढे वाकून शेडकाकांना सांगितलं, “आजोबा, मी लिहून घेतलंय. तुम्ही तुमचं काम केलंत.” वहिनींना दिसत होतं, लिहिलं होतं ते साध्या कोऱ्या कागदावर. त्यावर ना शिक्का ना काही. शेडकाकांनी मात्र उठून हात जोडले.

घरी येईपर्यंत ते सगळं विसरले होते. दुपार कलल्यावर पुन्हा पायताण, पुन्हा कडी. “पोलिसांना सांगायला हवं गं.”

“सांगितलंत तुम्ही.”

“मी?”

“तुम्हीच. ठाण्यात जाऊन. बाईंनी लिहून घेतलं.”

ते अविश्वासाने बघायचे. कधी म्हणायचे, मुकादम काय म्हणेल? कधी घाबरून विचारायचे, तो सुटला तर? पण कधी कधी त्यांचे खांदे जरा वर यायचे आणि ते विचारायचे, “मी घाबरलो नाही?” वहिनी म्हणायच्या, “अजिबात नाही.” हे रोज चाललं. एकाच दिवसात कितीदा तरी चाललं. वहिनींना त्याचा वीट आला, चिडूनही त्या बोलल्या, एकदा तर न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडून ओरडल्या. तरी उत्तर कधी बदललं नाही.

थंडीत त्यांच्या छातीत कफ भरला. हॉस्पिटलात नेलं ते वहिनींच्याच जुन्या हॉस्पिटलात. चादरी अजून त्याच कापडाच्या होत्या. शेवटचे दोन-तीन दिवस ते बोललेच नाहीत. खिडकीकडे तोंड करून असायचे, आणि नर्सने पडदा ओढला की त्यांचा श्वास जोरात चालायचा, म्हणून वहिनी उठून तो बाजूला करायच्या. शांत गेले असं मुलगा लोकांना सांगत होता. वहिनी शेजारी होत्या. ते शांत गेले नाहीत. पण मुलाचं बोलणं त्यांनी खोडून काढलं नाही.

मित्रांना त्यांनी सगळं सांगितलं, दिवस झाल्यावर, त्याच बाहेरच्या खोलीत. घड्याळजी चष्मा काढून पुसत बसले. मास्तरांचा वर्गातला आवाज कुठे गेला कोणास ठाऊक; ते अगदी बारीक सुरात म्हणाले, “आणि आम्ही त्याला पिवळ्यावरून चिडवत होतो.” जाताना घड्याळजी म्हणाले, वहिनी, हे कळलं नसतं तर बरं झालं असतं. वहिनी म्हणाल्या, तिला काय झालं ते अजूनही कळलेलं नाही, भाऊजी. आपल्याला फक्त ह्यांचं कळलं.

पुढे कित्येक महिने कोणीच सिनेमा लावला नाही. मग एका रविवारी घड्याळजींचा निरोप आला: मास्तर घरात बसून खंगत चाललेत, मी त्यांना दुकानामागे बोलावलंय, तुम्हीही या. वहिनी गेल्या. दोघांच्या मध्ये डिस्कचा खोका होता आणि दोघंही त्याला हात लावत नव्हते. मास्तर म्हणाले, आता हे बघवेल असं वाटत नाही. घड्याळजी म्हणाले, मग काय फेकून देऊ? आणि बघता बघता शब्दाला शब्द लागला, जिना, बाहुली, कॅमेरा, शेवट, सगळं जुनं वर आलं. मध्येच दोघं ओशाळून थांबले आणि वहिनींकडे बघू लागले.

“तुम्हाला कुठला बरा वाटला?” घड्याळजींनी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

वहिनींनी थोडा विचार केला. “ह्या इटलीवाल्याच्या एखाद्या सिनेमात ती पहिली बाई वाचते का हो?”

दोघं एकमेकांकडे बघू लागले. बोटांवर मोजत मास्तरांनी एकेक नाव घेतलं आणि नाही, नाही म्हणत गेले. मग घड्याळजी खोक्याच्या तळाशी हात घालून म्हणाले, “एक आहे. अगदी शेवटी शेवटी काढलेला. ती हॉस्पिटलात पडून असते आणि शुद्धीवर येते. पण फारच टुकार आहे, वहिनी. रंग उडालेले, गोष्टीला शेंडा ना बुडखा. आम्ही एकदाच पाहिला.”

“एकदाही पुरा नाही,” मास्तर म्हणाले. “शेडलाही आवडला नव्हता.”

“असू दे,” वहिनी खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या. “तो लावा.”